किंवा त्यापुढची कोणतीही

यवतमाळला बसस्टँडच्या मागे, मोबाईलच्या एका दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. माणसं तीन. मालक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो. मशीन बसवायला गावोगाव फिरणारा एक तंत्रज्ञ. आणि कोड लिहिणारी मी. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांमधल्या वजनकाट्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करत होतो. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन आपोआप संगणकात यायचं आणि शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन अशी मराठीत पावती निघायची. पावती मराठीतच निघाली पाहिजे हा हट्ट सरांचा होता, आणि तो चांगला होता. माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे.

पावती छापायचा कोड माझा नव्हता. जगात कुठेतरी कुणीतरी लिहून फुकट वाटलेली ती एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, होती. अशा बावीस लायब्रऱ्या आम्ही वापरायचो. कोणती लायब्ररी कोणत्या आवृत्तीची हवी, याची यादी एका छोट्याशा फाईलमध्ये असायची. नव्या मशीनवर सॉफ्टवेअर टाकलं की ती यादी वाचली जायची आणि बाकीचं सगळं इंटरनेटवरून उतरायचं. सरांनी त्या यादीत प्रत्येक नावापुढे एकच अट लिहून ठेवली होती: ही आवृत्ती, किंवा त्यापुढची कोणतीही.

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षीची गोष्ट. पोळ्याच्या सुमारास मी वाचलं की छपाईच्या लायब्ररीची पुढची मोठी आवृत्ती येते आहे आणि तिच्यात अक्षरं जोडायची पद्धत पार बदलली आहे. मी सरांकडे गेले.

"सर, आपण आकडा बांधून टाकू. तिसरी आवृत्ती आली तरी घ्यायची नाही, दुसरीतच राहायचं, असं लिहू."

"जुनं कायले धरून बसाचं? आपल्या पत्रकावर काय छापलं आहे? सदैव अद्ययावत. लोकं नवं मागतात."

"नवं घेऊ ना. पण उन्हाळ्यात, जिनिंग बंद असते तेव्हा. तपासून."

"तुले दुसरं काम नाही काय?"

मी तरीही त्या ओळीत अट घातली. एका मिनिटाचं काम. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर सरांनी ती पुसली होती. मी दुसऱ्या कामाला लागले.

दिवाळीनंतर पांढरकवड्याच्या एका जिनिंगमधला संगणक जळाला. आमचा तंत्रज्ञ जाऊन नवा बसवून आला. वजन बरोबर येतं का ते त्यानं पाहिलं, पावतीवर इंग्रजीत 'टेस्ट' छापून पाहिलं आणि परतला. त्याची चूक म्हणवत नाही. मराठीत छापून बघ, असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिथे कापसाची सरकारी खरेदी सुरू झाली. सकाळीच काट्यावरच्या काकांचा फोन आला. "बाई, वजन बराबर आहे. पन नावं फुटून राह्यली."

मी पहिली एसटी पकडली. वाटेत सरांचा फोन. "तिथं जास्त बोलू नको. नेटचा प्रॉब्लेम आहे म्हन."

जिनिंगच्या फाटकापासून हायवेपर्यंत टेम्पो आणि बैलबंड्या लागल्या होत्या. काकांनी मला पावत्यांचा गठ्ठा दिला. ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या होत्या. जोडाक्षरांचे दोन-दोन तुकडे झाले होते, मध्येच कोरे चौकोन. सरकारी खरेदीच्या खिडकीतला बाबू सही करत नव्हता. "सातबाऱ्यावरचं नाव वेगळं, पावतीवरचं वेगळं. उद्या माह्यावर आलं तर?" काका म्हणाले, "मी हातानं लिहून देतो, सही-शिक्क्यानिशी." बाबूला संगणकाचीच पावती हवी होती.

झरी जामणीकडच्या चार घरांचा कापूस एका टेम्पोत आला होता. त्यांच्यातली एक कोलाम आदिवासी म्हातारी पावती घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव कसं दिसतं ते तिला ठाऊक होतं.

"हे माहं नाव हाय का?"

"नाही माय. मशीन चुकलं."

मशीन चुकलं नव्हतं. मशीननं लिहिलेलं तंतोतंत ऐकलं होतं. पुढची कोणतीही आण म्हटलं, त्यानं तिसरी आणली. हे मला माहीत होतं आणि मी त्या बाईशी खोटं बोलले.

मी यादीत दुसऱ्या आवृत्तीचा नेमका आकडा लिहिला. पण जुनी आवृत्ती उतरवायला नेट हवं, आणि तिथलं नेट दर दहा मिनिटांनी तुटत होतं. पावती नीट निघेपर्यंत दुपारचे तीन वाजले. तोवर झरीच्या टेम्पोवाल्यानं गाडी वळवली होती. त्याला दुसरी खेप होती. हायवेवरच्या खाजगी व्यापाऱ्याकडे त्यांनी कापूस उतरवला, असं काकांनी सांगितलं. त्या गावचा टेम्पो त्या हंगामात परत आला नाही.

साडेतीनला सर कारनं आले. जिनिंगच्या मालकासमोर म्हणाले, "नवीन मुलगी आहे. शिकून राह्यली. तिच्या हातून झालं."

मला तिथे चार वर्षं झाली होती. मी संगणक त्या दोघांकडे वळवला. कोणी कोणती ओळ कधी बदलली, ते सगळं त्यात नोंदलेलं असतं. "ही ओळ मी टाकली होती. ही दुसऱ्या दिवशी सरांनी काढली."

मालकानं पडद्याकडे पाहिलंही नाही. "मले त्यातलं समजत नाही. पावती निघते काय आता?"

"निघते."

"मंग झालं." आणि तो सरांना घेऊन चहाला गेला.

काका तिथेच होते. त्यांना सगळं कळलं होतं. "बाई, त्यायनं पुसली, तं तू परत काहून नाही लिहिली?"

आजही सरांच्या आधी मला हाच प्रश्न आठवतो आणि डोकं तापतं.

त्या आठवड्यात मी बावीसच्या बावीस आकडे बांधले. ज्या लायब्रऱ्या त्या बावीस आपल्यासोबत ओढून आणतात, त्यांचेही. सरांना सांगितलं, यातला एक जरी पुसला तर मी नोकरी सोडून जाते. त्यांनी पुसला नाही. उलट आता ते दुसऱ्या टोकाला गेले. पुढच्या उन्हाळ्यात मी आवृत्त्या वाढवायचं म्हटलं तर, "चालून राह्यलं ना? हात नको लावू." त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही तेच. तोवर एका लायब्ररीत बाहेरच्यांना आत शिरता येईल असं भोक सापडलं होतं. तिची दुरुस्त आवृत्ती घ्यावी, तर दुसरी एक अडून बसायची. तिला पहिलीची जुनीच आवृत्ती हवी. गाठीत गाठ अडकली होती. दरवर्षी थोडं थोडं सोडवलं असतं तर अर्ध्या दिवसाचं काम होतं.

तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये, न विचारता, मी ते करायला बसले. आठ दिवस लागले. एकेक आवृत्ती वाढवायची, पावती छापायची, बघायची. मग पांढरकवड्याला जाऊन जिल्ह्यातल्या गावांची आणि अवघड आडनावांची चारशे पावत्यांची थप्पी काकांपुढे ठेवली. रिकाम्या जिनिंगमध्ये पंख्याखाली बसून त्यांनी प्रत्येक मोठ्यानं वाचली. तीन चुकीच्या निघाल्या. त्या मी नीट केल्या.

सरांना जूनमध्ये कळलं. ते बोलू लागले, तेव्हा मी ऑफिसची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली, बॅग उचलली आणि खाली उतरले.