माझ्या पाठीवरची रपट

देवीवर माझी श्रद्धा होती, पण ती बहुधा मला हवं त्याच दिशेनं चालायची. बायको तापातून उठली, म्हणून लोणारच्या देवीचा नवस फेडायला मी सुलतानपूरहून एकटाच गाडी जुंपून निघालो. वाटेतल्या नाल्याला पूर आलेला. काठावर एक पोलीस शिपाई हात आडवा करून उभा.

"देवीच्या कामाले चाललो, मले काही होत नाही," मी म्हणालो.

"तुम्ही येऊन गेले म्हणून मी सांगतो देवीले. बैल फिरवा, पाटील."

मी बैल पाण्यात घातले. त्यानं कासरा ओढला आणि माझ्या पाठीत वेताची छडी अशी हाणली, की बैलांआधी मीच फिरलो. जाताना त्याच्या पट्ट्यावरचा नंबर पाहून घेतला: एकशे त्रेसष्ट. तक्रार करायची, तर विसरून कसं चालेल? घरापर्यंत तोच घोकत आलो. देवाचं नावही माझ्या तोंडात इतका वेळ कधी टिकलं नव्हतं. घरी आल्यावर बंडी वर करून अर्ध्या गावाला वळ दाखवला.

दुसऱ्या सकाळी ठाण्यात गेलो. जमादारापुढे खाकी कोट घडी करून ठेवलेला, वर पट्टा. त्यावर एकशे त्रेसष्ट.

"याचीच रपट द्यायची आहे," मी तोऱ्यात म्हणालो.

जमादारानं मान वर केली. "काल वाहून गेला तो. एक गाडीवानही गेला. दोघं खाली एकाच बाभळीले अडकले होते."

माझ्यामागून आलेल्या गाडीचा कासरा त्याच्या हाती आला नसावा, म्हणून कोट उतरवून तो तिच्यामागे पाण्यात गेला असावा.

जमादार हळू आवाजात बोलू लागला. "याची नेमणूक बाजाराच्या बंदोबस्तावर. साहेब म्हणते, नाल्यावर काय करून राह्यला होता? कोट काठावर सापडला, म्हणजे आंघोळीले उतरला असंन. तसंच लिहायले सांगतलं. कामावर मेला म्हणणारा एक माणूस नाही. त्याची माय बाहेर बसली आहे. तिले काय सांगू?"

मी त्याच्याकडे पाठ केली आणि बंडी वर केली.

"हे कोणं मारलं?"

"त्यानंच. पाण्यात जाऊ देत नव्हता. कोट, पट्टा, सगळं अंगावर होतं. लिहा, जमादारसाहेब."

जमादारानं लिहिलं, मी सही केली. बाहेर येऊन त्यानं म्हातारीला ते वाचून दाखवलं. ती उठली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "लय लागलं काय रे, बाबू?"

मी नाही म्हणालो.

वळ आठ दिवसांत मिटला, तेव्हा दुखणं बरं झाल्याचं मला पहिल्यांदा वाईट वाटलं. पूर ओसरल्यावर नवस फेडला. देवीपुढे तिच्या नावाआधी त्याचं नाव घेतलं. ते मी त्या म्हातारीला विचारून ठेवलं होतं. देवी माणसाला बोलावते, हे लहानपणापासून ऐकत होतो. ती परतही पाठवते, हे मात्र मला दुसऱ्याच्या जिवावर कळलं. आता कोणी वाट अडवली, की मी आधी थांबतो. भांडायचं राहूनच जातं.