ताईनं धुतलेलं जॅकेट

माझी थोरली बहीण गेली अठरा वर्षं एका लॉन्ड्रीत डाग काढते. धुणं, इस्त्री बाकीच्या बायका करतात, डागाचा कपडा आला की मालक म्हणतो, "ताईंना बोलवा." शाई, वंगण, गंज, काहीही असो, नुसतं बोट फिरवून ती ओळखते. घरच्या माणसांच्या बाबतीत मात्र तिचा अंदाज हमखास चुकतो. हे मी तिला तोंडावर सांगितलंय, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

तिला एकच मुलगी, सोळा वर्षांची. सगळे तिला झिप्री म्हणतात. बाप गेल्यापासून शाळेला दांड्या, नको त्या पोरांची संगत, दुकानातून वस्तू उचलताना दोनदा सापडलेली. दोन्ही वेळा ताईनं दुकानदाराच्या हातापाया पडून तिला सोडवलं आणि घरी आणून बदडलं. उपयोग शून्य.

त्या दिवशी झिप्री संध्याकाळीच घरी आली, जॅकेट मोरीत फेकलं आणि न जेवता झोपली. पाठोपाठ शेजारीण बातमी घेऊन हजर. झिप्रीच्या टोळक्यानं म्हणे गोदामाच्या रखवालदाराचं डोकं दगडानं फोडलं होतं. ताईनं जॅकेट उचललं. बाहीवर तांबडा, वाळत आलेला डाग. पोरीला उठवून विचारावं की नाही? बाईनं सरळ बादली भरली.

सकाळी पोलीस आले तेव्हा जॅकेट दोरीवर निथळत होतं. टोळक्यात एक मुलगी होती, एवढंच रखवालदाराला आठवत होतं. ओलं जॅकेट बघून साहेब म्हणाले, "रातोरात धुतलंत? मग आणखी काय विचारायचं?"

झिप्रीचं म्हणणं एकच. ती तिथे नव्हतीच, ग्रिलच्या कारखान्यात बसली होती, तिथे ओल्या रंगाला बाही लागली. कारखान्यातला कारागीर पोलिसांचं नाव ऐकताच म्हणाला, "कोण मुलगी?" झिप्रीला सुधारगृहात ठेवलं.

वकीलबाई मिळाली ती मोफत मदतीची. फुकटची म्हणून ताईचा भरवसा बसेना. "शिकाऊ असेल गं," म्हणाली. मी चिडले. "मग दुसरे वकील दाराशी रांग लावून उभे आहेत का तुझ्या?"

सुधारगृहातल्या खोलीत खुर्च्या तीन, माणसं चार. मी उभी राहिले. वकीलबाईंना सर्दी झाली होती. नाक पुसत त्या एकेक गोष्ट लिहून घेत होत्या.

"डाग कशानं काढलात?"

"टर्पेंटाइननं."

"लगेच?"

मीच ताईला कोपरानं ढोसलं. "अगं, आहे ते सांग ना!" तेव्हा माझी जीभ का झडली नाही, असं अजून वाटतं.

"आधी थंड पाण्यात मीठ घालून भिजवलं. तासभर. हलेना. मग टर्पेंटाइन लावलं."

"थंड पाणी कशाला?"

उत्तर झिप्रीनं दिलं. "रक्ताला थंडच पाणी लागतं. गरम घातलं की डाग पक्का होतो." मग ती आईकडे वळली. "म्हणजे तुला वाटलं, मीच फोडलं."

"मी तुला वाचवत होते गं."

"विचारलं का नाहीस?"

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "रक्त असतं तर थोडं तरी उतरलं असतं. टर्पेंटाइननं सुटला, म्हणजे ऑइलपेंट. शिवणीत थोडा राहिला असेल, तो तपासायला देऊ. पण कोर्टात हे तुम्हालाच सांगावं लागेल. आधी रक्त समजलात, तेसुद्धा. ते लपवलंत तर बाकीचं कुणी खरं मानणार नाही."

कोर्टात ताईनं काही लपवलं नाही. "मला वाटलं, माझ्या पोरीनंच त्या माणसाचं डोकं फोडलं," असं भरल्या खोलीत, पोरीसमोर म्हणाली. मला तिचा अभिमान वाटला आणि तिच्याकडे बघवेना.

शिवणीत रंगच निघाला होता. निकाल लागेपर्यंत मुलीला घरी सोडायचं ठरलं. न्यायाधीशबाईंनी प्रेमानं विचारलं, "आईबरोबर जाशील ना?"

"मावशीकडे जाते," झिप्री म्हणाली.

ताईनं माझ्याकडे पाहिलं.

"ने," ती म्हणाली. "पहाटे खोकला येतो तिला. खिडकी लावून घेत जा."