माझी नक्कल का नाही केलीस?

उभ्या मावळात ‘माझी नक्कल कर’ म्हणून माझ्याशी भांडलेलं माणूस एकच, आमच्या शेजारची मावशी. बाकी आमच्या वडिवळे गावात मी दिसलो की लोक चालणं बदलायचे, आलेला खोकला गिळायचे. तळेगावच्या शाळेत मी शिकलो काय ते नकलाच. नियम एकच: मेलेल्या माणसाची नक्कल करायची नाही. मावशी तर माझं हुकमी पात्र. कमरेवर हात ठेवून तिनं सुनेला हाक मारली की पलीकडच्या शिवारातले बैल थांबायचे.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात डावा स्तन काढला, आणि मावशी घरी आली ती तिथल्या पातळ वरणाला शिव्या देतच. पोलकं एका बाजूनं रिकामं लोंबायला लागलं, तर तिनं खणाची पिशवी शिवली, तांदूळ भरले आणि आत बसवली. त्यातही थाट! शेतावर जाताना जाडाभरडा तांदूळ, लग्नाला आंबेमोहोर. “वास दरवळतो, खानदानी वाटतं,” म्हणायची. कामशेतच्या एका लग्नात पिशवीची शिवण उसवली. मावशी पुढं, मागं तांदळाची धार, आणि धारेमागं मांडवातल्या सगळ्या कोंबड्या. बायकांचे चेहरे पडले. मावशी वळून म्हणाली, “बघता काय? अक्षता कमी पडल्या तर हितनं न्या!”

डावा हात संध्याकाळपर्यंत दुधीभोपळ्यासारखा सुजायचा. त्यात बांगडी जाईना, म्हणून दोन्ही हातांच्या बांगड्या उजव्यातच. मावशी कुठं आहे हे आवाजावरून कळायचं. जड उचलायचं नाही आणि भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. रोज सकाळी तिची बोटं मुंगीसारखी भिंत चढायची. वर फळीवर लोणच्याची बरणी. “तिच्यावर सुनंचं राज्य आलंय, ते उलथवायचंय मला!”

पण गावाला हसू येईना. ती आली की गप्पा बंद. बायका मयताला आल्यासारख्या हळू आवाजात विचारायच्या, “बरं हाय नव्हं?” एकीनं तर तिच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

त्या वर्षी गौरीच्या दुपारी देवळाच्या ओट्यावर मी सगळ्यांच्या नकला केल्या, तिची सोडून. मावशी उठून उभी राहिली.

“माझी कुटंय?”

“मावशे, तुला बरं न्हाई, म्हणून...”

“मी मेले का रं? मेलेल्याची करत न्हाईस तू, ठाऊक हाय मला.”

करावीच लागली. एक खांदा वर काढला, हात लोंबता सोडला, हवेतल्या भिंतीवर बोटं चढवली.  ओट्यावरच्या सगळ्या बायका तिच्याकडं बघायला लागल्या.

“खांदा दुसरा, मुडद्या! डावा!” मावशी ओरडली.

मग जो हशा उठला म्हणता! पाणी नाकारणारी बाई तर तिच्याच मांडीवर कोसळून हसत होती. त्या दिवसापासून गाव पुन्हा मावशीशी भांडायला लागलं.

पुढं चारपाच पावसाळे काढले तिनं. बरणीही गाठली, त्या दिवशी घरोघर लोणचं वाटलं. मग दुखणं परत आलं आणि या खेपेला तिचं काही चालू दिलं नाही.

गौरीला बायका अजून म्हणतात, “मावशीची कर की रं.” मी ‘न्हाई’ म्हणून मान हलवतो. नियम तो नियम. फक्त भिंतीला हात लागला की बोटं आपली आपण वर चढायला लागतात. डाव्या हाताची.