समुद्राच्या तळावरच्या वाटा

"तुम्ही समुद्र बघितलाय का?" असं मला मुलाखतीत ज्या सरांनी विचारलं, त्यांनी स्वतः तो एकदाच बघितला होता. शाळेच्या सहलीत, दोन दिवस. त्या दोन दिवसांच्या जिवावर त्यांनी सगळी नोकरी भूगोल शिकवला. मी समुद्र बघितलेला नाही. आमचं गाव साखरा, तालुका सेनगाव. इथून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. पण मी भूगोल घेऊन पदवी काढली, वर बी.एड. केलं, आणि आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी वरचेवर सांगते म्हणून काही जणांना राग येतो. येऊ द्या.

हे सर मला शाळेत होते. वर्गाच्या भिंतीवर त्यांनी एक रंगीत चित्र लावलं होतं, इंटरनेटवरच्या नकाशातून छापून आणलेलं. निळा समुद्रतळ आणि त्यावर सरळ रेघा, काही एकमेकींना कापत गेलेल्या. सर त्यावर छडी टेकवून सांगायचे, "हे बुडालेलं शहर. हे त्याचे रस्ते. निसर्ग कधी सरळ रेघ ओढत नसतो." आम्ही आ वासून ऐकायचो. मी तर हे घरी सांगितलं, आत्याला सांगितलं, हिंगोलीत कॉलेजात मैत्रिणींना सांगितलं. कुणी हसलं नाही, कारण कुणालाच माहीत नव्हतं. त्याची लाज मला अजून वाटते.

बी.एड. झालं आणि वर्षभर घरी बसले. आमचा बाप मेंढ्या राखतो. आईचे गुडघे धरले होते म्हणून त्याच्यासोबत माळावर मी जायची. लोक विचारायचे, "काहून गं, एवढं शिकून मेंढ्याच?" मी बाभळीखाली बसून फोनवर समुद्र उघडायची. अंगठ्यानं पृथ्वी फिरवायची, पाण्यात उतरायची, तळावरचे डोंगर, दऱ्या, खंदक बघायची.

एकदा बापानं विचारलं, "ह्याच्यात आपली कयाधू हाय का?"

आमची ती नदी दाखवली. मग कयाधूवरून पैनगंगेला, तिथून वर्धेला, प्राणहितेला, गोदावरीला, असं करत अंगठा थेट बंगालच्या उपसागरात नेला. उन्हात पडदा नीट दिसेना, तेव्हा त्यानं खांद्यावरची घोंगडी दोघांच्या डोक्यावर ओढली. आत मेंढ्यांचा वास, घाम आणि निळा समुद्र.

"अन् ह्या रेघा कशाच्या?"

"बुडालेल्या शहराचे रस्ते, आबा."

त्यानं फोन डोळ्यांजवळ नेला. "शहर? कोण म्हणून राहिलं?"

"सर."

"न्हाई बाई. गाव असतं तं वाटा कुठंतरी येका जाग्याला आल्या असत्या. पाणवठ्याला, नाही तं येशीला. ह्या बघ, कुठंच येऊन मिळत न्हाईत. ह्या नुसत्या आल्या अन् गेल्या. ह्या चालणाऱ्याच्या वाटा हायेत, राहणाऱ्याच्या न्हाईत." त्यानं घोंगडीची कड उचलली आणि समोरच्या टेकाडाकडं बोट केलं. उतारावर आमच्याच मेंढ्यांनी पाडलेल्या बारीक वाटा, एकीखाली एक, लांबूनही दिसणाऱ्या. "हे काय शहर हाय का?"

सतरा वर्षं शिकलेली मी, आणि हे मला दिसलं नव्हतं.

मग डिक्शनरी घेऊन त्याच नकाशाची इंग्रजी माहिती वाचून काढली. बाप बरोबर होता. समुद्राचा तळ वरून दिसत नाही. उपग्रहावरून त्याचा अंदाज काढतात, तो ढोबळ असतो. जहाजं मात्र जाता जाता खाली आवाज सोडतात, तो तळाला लागून परत येतो, त्यावरून खोली कळते. जिथून जहाज गेलं तेवढीच पट्टी नकाशात स्पष्ट येते, बाजूचं सगळं धुरकट. त्या रेघा म्हणजे मोजणी करत गेलेल्या जहाजांच्या वाटा. तळावर रस्ता नाही, शहर नाही, काही नाही.

पुढच्या जूनमध्ये माझ्याच शाळेत भूगोलाची एक जागा निघाली, तासिका तत्त्वावर. शाळेचं नाव लिहीत नाही. वाचणारे वाचतील आणि ओळखणारे ओळखतील. मला ती नोकरी हवी होती. घरून जीपनं जाऊन येता आलं असतं, आईकडं बघता आलं असतं. शिकवून दाखवायला आठवीचा वर्ग दिला, विषय सागरतळाची रचना. आत जाताना मुख्याध्यापक कानाशी म्हणाले, "सरांचं मत चालतं इथं. जरा सांभाळून."

भिंतीवर तेच चित्र होतं, रंग उडालेलं. सर मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते, शेजारी संस्थेचे अध्यक्ष आणि मुख्याध्यापक. तास चांगला चालला होता. संपता संपता आमच्याच गल्लीतली एक पोरगी उभी राहिली, जीपनं रोज येणारी. "मॅडम, अन् ते बुडालेलं शहर?"

ते सर सांगतील, एवढंच म्हणायचं होतं. तेवढं म्हणाले असते तर आज मी त्या शाळेत असते. मी म्हणाले, "ते शहर नाही." आणि बापाचं सगळं सांगितलं, पाणवठा, वेस, सगळं. मग जहाजांचं.

मागून आवाज आला. "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"जहाजांचं नकाशाच्या माहितीत आहे, सर. वाटांचं माझ्या वडिलांनी ओळखलं."

"म्हणजे मेंढरं राखणाऱ्यानं?" सर अध्यक्षांकडं वळले. "घ्या साहेब. आता मेंढ्या समुद्रात चारायला न्यायच्या." अध्यक्ष पोट हलवून हसले. मुख्याध्यापक खाली बघत होते. मग सरांनी मला तो प्रश्न विचारला, समुद्र बघितलाय का. मी म्हणाले, "नाही. आणि तुम्ही त्याचा तळ बघितलेला नाही."

नोकरी गेली, हे सांगायला नकोच.

दिवाळीनंतर ती गल्लीतली पोरगी घरी आली. "ताई, सरांनी ते चित्र काढलं. सर म्हणले, शहर असतं तर वाटा पाणवठ्याला येऊन मिळाल्या असत्या. त्या जहाजाच्या वाटा हायेत, म्हणले."

शब्दसुद्धा तेच. पाणवठा! माझ्या कानशिलाला आग लागली. बाप अंगणात लोकर कातरत होता, त्यानं मान वर केली नाही. "त्यानं कवा पाणवठा पाह्यला? नळाचं पिणारा माणूस," एवढंच म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही. मी पोरीला म्हणाले, "उद्या वर्गात विचार, सर, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जीपमधून उतरून ती थेट आमच्याकडंच आली. विचारलं होतं. वर "साखऱ्याच्या मॅडमनी ना?" असंही म्हणाली होती. सरांनी तिला तासभर वर्गाबाहेर उभं केलं.

मला तिचं वाईट वाटलं. माझं भांडण मी तिच्या गळ्यात बांधलं होतं, हे कळत होतं. मी तिला पाणी दिलं. ती प्याली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "ताई, उद्या परत इचारू का?"

नको म्हणायला पाहिजे होतं.

"विचार," मी म्हणाले.