मागाच्या दोरीवरचा ब्लूज

आमचं घर विणकरांचं, त्यामुळे घरात काहीही बिघडलं की पहिला उपाय मागाची दोरी. माझ्या रेकॉर्ड प्लेअरचा रबरी पट्टा एका मे महिन्यात उन्हानं चिकट होऊन तुटला, तेव्हा मी दोरीला मेण लावून तीच ओढून बांधली. तबकडी फिरू लागली. मी स्वतःवर भलताच खूश झालो.

त्यानंतर कितीतरी वर्षं त्या प्लेअरवर आम्ही दोघं दर रविवारी दुपारी जुना जाझ आणि ब्लूज ऐकायचो. दुसरे म्हणजे अड्याळचे मास्तर, लग्नाच्या बँडमध्ये हयातभर सॅक्सोफोन वाजवलेले. रेकॉर्डी मी नागपूरच्या भंगारवाल्यांकडून उचलून आणायचो. पाकिटावरची इंग्रजी नावं मास्तरांना वाचता येत नसत, पण दोन फुंकींत ते वादक ओळखायचे. "हा गालातून फुकते," "याच्या छातीत दमा हाये," असे त्यांचे शेरे. रेकॉर्ड चालू असताना मी कप जरा जोरात ठेवला तरी डोळे वटारायचे. मी तापट माणूस, पण त्यांचं निमूट ऐकून घ्यायचो.

एक ब्लूज म्हणजे त्यांचा जीव की प्राण. संथ, जड, एकेक सूर ओढत आणलेला. तो त्यांनी कानानं उचलला आणि नवरी सासरी निघताना, बिदाईला, वाजवू लागले. साकोली-लाखनीपर्यंत लोक खास त्यासाठी त्यांना बोलावत. डीजे आले, बँड बसला, तरी बिदाईला मास्तर लागायचेच.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं. बिदाईला मास्तर, हे तर तारखेच्याही आधी ठरलं होतं. लग्नाला आठ दिवस असताना मागवलेला खरा रबरी पट्टा एकदाचा आला. मी तो बसवला, तोच ब्लूज लावला आणि खुर्चीतून उठलोच. गाणं पळत होतं! चांगलं खट्याळ, नाचरं. माझी दोरी इतकी वर्षं चाकावर घसरत होती, आणि आम्ही दोघे शहाणे त्या घसरण्याला दर्द म्हणत होतो.

सांगावं, तर ज्या सुरांवर मास्तरांचं पंचक्रोशीत नाव झालं, तेच चुकीचे ठरणार. न सांगावं, तर इतके रविवार शेजारी बसलेल्या माणसाला फसवल्यासारखं. चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी त्यांना बोलावलंच.

त्यांनी पूर्ण ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग चपला घालत म्हणाले, "म्हंजे मी इतकी वर्सं चुकीचंच वाजवून राहिलो न भाऊ?" ते चहा न घेता गेले. "आता काही येत नाहीत ते लग्नाले," बायको म्हणाली, आणि मी उगाच तिच्यावर खेकसलो.

आले. इस्त्रीचा कोट घालून, सगळ्यांच्या आधी. मुलगी मांडवातून निघाली तसा मास्तरांनी सॅक्सोफोन ओठांना लावला. तोच संथ, जड ब्लूज. गाडी पन्नास पावलांवर उभी होती. मुलगी दर दोन पावलांवर वळून कुणाच्या तरी गळ्यात पडत होती, आणि मास्तर सूर लांबवत तिच्यासाठी थांबत होते. मी सगळ्यांदेखत ढसाढसा रडलो.

गाडी गेल्यावर मी त्यांना विचारलं, "मास्तर, खरी चाल तं तुमाले आता मालूम होती. मंग?"

त्यांनी सॅक्सोफोनमधलं पाणी झटकलं. "तो रेकॉर्डवाला त्याच्या जागी बरोबर हाये भाऊ," म्हणाले. "पण पोरगी जाऊन राहिली होती. मले कायची घाई?"