नंबराला लावलेली घागर

आमच्या प्रसूती विभागातल्या सिस्टरांना ‘नाही’ म्हणणारा माणूस लातूर जिल्ह्यात अजून जन्मायचा होता, आणि जन्मला असता तरी त्यांच्याच हातून जन्मला असता. जिल्हा तेव्हा नवाकोरा होता. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचा रंग ओला होता, आणि ओली म्हणावी अशी गावात तेवढीच एक गोष्ट होती. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती.

दवाखान्यातल्या नर्सांच्या ड्युटीचा तक्ता मी लावायचे. मला तक्ता सरळ लागतो. सिस्टर मात्र तो पंचांगासारखा वाचायच्या आणि टँकरच्या मुहूर्तावर बदलायच्या. एखादीच्या गल्लीत दुपारी टँकर येणार असला, की तिला सकाळी बोलवायच्या, तिची दुपार दुसरीच्या गळ्यात घालायच्या आणि मला मागाहून कळवायच्या. मी चिडले की म्हणायच्या, “बाई, तुमचा तक्ता लई देखना हाय. पर त्याला तहान लागत न्हाई.” एकही पाळी रिकामी पडायची नाही, म्हणून मी खोडरबर घेऊन तक्ता सुधारायला बसायचे. आवाज असा, की त्यांचं “जोर लाव गं माय!” फाटकाबाहेर ऐकू जाई आणि बंद पडलेली रिक्षा ढकलणारे त्याच तालावर जोर लावत.

अशा या बाईंनी पंचेचाळिशी ओलांडल्यावर एके दिवशी जाहीर केलं, की आता बाळंतपणं पुरे, मानसोपचार शिकायचा. त्याचं प्रशिक्षण नांदेडला होतं. सगळ्या जणी हसल्या. “सिस्टर, वेड लागलं का?”

“लागलं तर वॉर्ड आपलाच हाय.”

मला एकटीला गाठून मात्र म्हणाल्या, “लेकरू रडलं की आपन पेढे खातो, बाई. त्याची माय भिंतीकडं तोंड करून पडलेली असती. तिला कोन इचारतंय? मला ते इचारायला शिकायचंय.”

दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी त्यांचा अर्ज न वाचताच बाजूला सारला. “या वयात विभाग बदलून काय करणार? आणि इथली ड्युटी कोण करील?”

“तीन दिवस नांदेड, तीन दिवस हितं. म्याच करते.”

“असं कुठं असतं का? बघू. थांबा.”

“थांबते की.”

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या दाराशी सिस्टरांची पितळी घागर उभी होती. रिकामी.

त्या दिवसांत टँकरच्या रांगेत माणसं नव्हे, भांडी उभी असत. जिची घागर जिथं, तिचा नंबर तिथं. मालकीण कामाला गेलेली असो की लग्नाला, दुसऱ्याच्या घागरीला हात लावायचा नाही. गावात बाकीचे कायदे मोडत, हा मोडत नसे. साहेब शिपायाला म्हणाले, “उचल ते.” शिपाई मागं सरकला. “नंबराची हाय, साहेब. पाप लागंल.” साहेब स्वतःच वाकले. पण त्यांच्या घरच्या कळशाही त्याच वेळी गल्लीतल्या रांगेत होत्या, ते आठवून सरळ झाले. मग रोज घागरीला वळसा घालून आत जाऊ लागले. येणारा जाणारा विचारी, “कुनाचा नंबर हाय?” आणि शिपाई सगळी हकीकत रंगवून सांगे.

अर्ज पाठवायच्या शेवटच्या दिवशी साहेब बाहेर आले. “केली सही. न्या तुमची घागर.”

“कागद द्या आधी. नंबर लागल्याबिगर उचलत नसतेत.”

तीन दिवस नांदेड, तीन दिवस लातूर असा तक्ता मीच लावला. माझ्या हातून निघालेला तो सगळ्यात वाकडा तक्ता, आणि एवढा चांगला मला पुन्हा जमला नाही.

पुढं त्यांची बदलीच नांदेडला झाली. एसटीत चढताना घागर माझ्या हातात दिली, कारण सांगितलं नाही. एकदा मी त्यांच्या नव्या वॉर्डात गेले, तर त्या एका पोरसवदा आईच्या खाटेवर बसल्या होत्या. रिक्षा ढकलणारा तो गळा इतका हळू बोलत होता, की पलीकडच्या खाटेजवळ उभ्या असलेल्या मला शब्द कळेनात. त्या पोरीनं भिंतीकडचं तोंड मात्र इकडं वळवलं होतं.

आता मलाही पंचेचाळिसावं लागलंय. घरात नळ आहे. घागर मी चिंचेनं घासून लख्ख ठेवते, पण तिच्यात पाणी भरत नाही. भरलेली घागर नंबराला लावता येत नाही.