ताईच्या गाडीत सात वाजतात

ताई गेल्याचं कळवायला मी पुण्याला फोन केले, तेव्हा प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारला, ‘गाडीत होती का गं?’ नाही हो, गाडीत नव्हती. इथे न्यूझीलंडला, पामर्स्टन नॉर्थमधल्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या उशीवर, सकाळचा अर्धा कप चहा पिऊन गेली. आता सात आठवडे झाले, तरी लोक हळहळतात... हट्टी होती, ऐकलं असतं तर! ऐकलं असतं तर काय झालं असतं? वर्षभर आधीपासून खिडकीशी बसून आमची तोंडं बघत राहिली असती. मला हे ऐकून ऐकून संताप आलाय, म्हणून लिहितेय.

माझी ही थोरली बहीण तेवीस वर्षं इथल्या एका संशोधन संस्थेत माती तपासायची. दर मंगळवारी डोंगरापलीकडच्या एका शेतावर जाऊन मातीचे नमुने आणायचे, हे तिचं काम. निवृत्त झाली, तरी तिचा मंगळवार काही सुटला नाही. त्या शेताची एवढ्या वर्षांची नोंद मध्येच तोडायची, हे तिला पटतच नव्हतं. मग गेल्या वर्षी कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, दुखण्यावरच्या जोरदार गोळ्या सुरू होईपर्यंत खुशाल गाडी चालवा. बंदी घातली ती आम्ही. तिचा मुलगा निनाद ऑकलंडला, बॉटनी डाउन्सला राहतो. तो धावत आला आणि म्हणाला, ‘आई, बी रीझनेबल. त्या रोडवर कव्हरेज नाहीये. समथिंग हॅपन्स, तर कळणार कसं?’ मी भाच्याची बाजू घेतली. नुसती घेतली नाही, गाडीची किल्ली तिच्याच स्वयंपाकघरात पोह्यांच्या डब्यात पुरून ठेवली. अक्कल पाजळली म्हणा ना! तिसऱ्या दिवशी ताईने मला नाश्त्याला बोलावलं. समोर पोह्यांची बशी आली. कडेला लिंबाची फोड, फोडीशेजारी किल्ली. ‘लिंबू पिळ की,’ म्हणाली, ‘आणि निनादला सांग, कव्हरेज नाही ना? मग डोंगराला न जुमानणारं काहीतरी आण. मी जाणारच.’

न्यू जर्सीला आमच्या भाचीच्या गाडीत तिने सॅटेलाइट रेडिओ ऐकला होता. तळहाताएवढा डबा, गाडीतून काढून घरातही नेता येतो. बस, तोच हवा! ताईच्या जपानहून आलेल्या जुन्या गाडीचा रेडिओ नव्वद मेगाहर्ट्झच्या पुढे सरकायचाच नाही, त्यामुळे इथली निम्मी स्टेशनंसुद्धा तिला लागत नव्हती. आपली माणसं कशी, दुकान दाराशी असलं तरी वस्तू अमेरिकेहून येणाऱ्याच्या बॅगेतूनच मागवणार. आला डबा. आम्ही दोघी गाडीत बसून तासभर त्याच्या अँटेनाची शेपटी इकडून तिकडे फिरवत राहिलो. शेवटी दुकानात नेला, तर तिथला माणूस ओशाळून म्हणाला, ‘सॉरी, दॅट सॅटेलाइट कान्ट सी अस.’ तो उपग्रह अमेरिकेवरून हलत नाही, न्यूझीलंड त्याच्या गावीही नाही. मी हसत सुटले. ताई नाही हसली. ‘त्याला आपण दिसत नाही ना? मग ज्याला दिसतो, तो शोधू.’

आणि शोधला. निनादने चार यंत्रांची तुलना करून तक्ता पाठवला. संकटात बटण दाबून निरोप धाडणारं यंत्र त्याला पसंत होतं. ताईने विचारलं, ‘यावर पुण्याच्या बातम्या लागतात?’ नाही लागत. ‘मग राहू दे. मी ते ऐकायला घेतेय, मरायला नाही.’ अखेर वहीएवढी एक चपटी पांढरी थाळी आली. ती आकाशातून इंटरनेट पकडायची आणि फोनवर पुणे लागायचं. डॅशबोर्डवर ठेवली तर तिला आकाश पुरेना, मागच्या काचेखाली ठेवली तर ती तापायची. मग चुंबक लावून टपावर बसवली, वायर दारातून आत घेतली. झाडीत आवाज तुटायचा, घाटमाथ्यावर पवनचक्क्यांपाशी मात्र खणखणीत. तिथे गाडी बाजूला घ्यायची, सातच्या बातम्या लावायच्या आणि जेवणाचा डबा उघडायचा. पुण्यात सकाळचे सात म्हणजे इथे दुपारचा दीड. बातम्यांशिवाय तिने घास घेतला नाही. एकदा मी बरोबर होते, रस्त्यावरचा एक शेतकरी थांबला, ‘यू ऑल राइट?’ ताई तोंडात घास धरून म्हणाली, ‘स्वीट अ‍ॅज!’ म्हणजे इथल्या बोलीत ‘एकदम झकास’. तेव्हा ती अठ्ठेचाळीस किलोची उरली होती.

ऑगस्टमध्ये जोरदार गोळ्या सुरू झाल्या. त्या दिवशी कुणी न सांगता तिने किल्ली माझ्या हातात ठेवली. ‘मंगळवार सांभाळ. आणि हिला पोह्यांत ठेवू नकोस.’ मी! मी आयुष्यात तो घाट एकटीने चढले नव्हते. मान हलवली आणि बाहेर येऊन पोटभर रडले.

परवाच्या मंगळवारी एकदाची गेले. पहिल्या गिअरमध्ये, मागे पाच गाड्यांची रांग लावून, पण गेले. मातीच्या पिशव्या भरल्या, परतताना माथ्यावर थांबले. दीड वाजला होता. डबा उघडला, पुणे लावलं, तर बातम्याच नाहीत, कुठलंसं भजन चाललेलं. थाळी हलली की काय म्हणून उतरून पाहिली. सगळं जागेवर. तेवढ्यात थाळीच्या इंटरनेटवरून निनादचा फोन.

‘मावशी, कुठे आहेस?’

‘घाटावर.’

‘अलोन? अगं, तुला किती वेळा सांगितलं, सेल दॅट कार! कधी परत येतेस?’

‘जेवले की.’

‘मग जेव ना!’

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं. दर वर्षीप्रमाणे उन्हाळ्यासाठी रविवारी इथली घड्याळं तासभर पुढे गेली होती. पुण्यात आत्ता कुठे सहा वाजत होते. गेल्या वर्षी याच दिवसांत ताईचं जेवण दीडवरून अडीचवर गेलं होतं, आणि आम्ही तिला हसलो होतो. भूक सपाटून लागली होती. मी डब्याला झाकण लावलं.

‘अजून सात वाजायचेत,’ मी म्हणाले.

तो हळूच म्हणाला, ‘हो. डेलाइट सेव्हिंग.’

आणि सात वाजेपर्यंत त्याने फोन ठेवला नाही.